सनद आली, पगाराचं विचारू नका

वकिलीची सनद आली एकदाची! सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये नोंदणी फी ७५० च्या वर घ्यायची नाही असं बजावलं म्हणून खिसा वाचला, आधीच्या बॅचवाले हजारो भरून बसलेत बिचारे. बार एक्झाम अजून काढायचीय, कोरे बेअर अ‍ॅक्ट (टिपणं नसलेली कायद्याची पुस्तकं) आत नेता येतात तरी लोकं आपटतात. आणि कॉलेजात ३०२, ४२० पाठ केलं नि १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खून झाला कलम १०३, फसवणूक ३१८! सध्या सीनियरच्या फायली उचलायच्या, बोर्ड (आजच्या केसेसची यादी) बघायचा, पुकारा झाला की धावत जाऊन तारीख मागायची. परवा जजसमोर "सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत" एवढंच बोलायचं होतं, तेही अडखळले. आई मात्र चाळभर सांगत सुटलीय, आमची पोरगी केस लढली.