तुम्ही विचारलंत म्हणून: उपचारनिधीसाठी मिसळ ठेवायची आहे, किती माणसांची करू?

‘आमच्या सोसायटीतल्या एका काकांना कॅन्सर निघालाय. रविवारी मिसळ करून कूपनं विकायची असं ठरतंय. किती माणसांची करायची?’ निधीसाठी कार्यक्रम करणारे आम्हाला विचारतात ते असं. पदार्थ ठरलेला असतो, माणसांचा आकडा हवा असतो, आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार हे अजून कुणी विचारलेलं नसतं. प्रमाण पुढे दिलंय. आधी थोडं गणित करू.

तीनशे रुपयांची दोनशे कूपनं खपली तर साठ हजार येतात. आचारी, किराणा, गॅस, भांडी, टेबलं, ताक, चहा धरून बावीस ते पंचवीस हजार जातात. हातात राहिले पस्तीस हजार. शस्त्रक्रिया आणि केमोचा अंदाज बारा लाखांचा असेल तर मिसळीने त्यातले जेमतेम तीन टक्के भरले. तरीही मिसळ करावी, कारण व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचून अंगठा दाखवणारा माणूस समोर उभा राहिला, चार ओळखीचे भेटले, की पाच-दहा हजार देऊन जातो. खरी रक्कम तिथून येते. म्हणून खर्च कूपनांतून काढायचाच नाही. किराणा एकाने, पाव एकाने, आचाऱ्याचे पैसे दोघातिघांनी असे आधीच वाटून घ्या. ‘कूपनाचा प्रत्येक रुपया उपचाराला’ हे वाक्य त्यानंतरच पोस्टरवर लिहा.

पोस्टरच्याही आधी होकार घ्या, घरच्यांचा आणि पेशंटचासुद्धा. आजाराचं नाव लिहायचं का, फोटो टाकायचा का, रक्कम सांगायची का, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारा. हॉस्पिटलच्या खाटेवरचा, नाकात नळी असलेला फोटो आम्ही कधीच वापरू नका म्हणतो. त्याने पैसे वाढत असतीलही, पण बरा होऊन जिन्यात भेटणाऱ्या माणसाला तो फोटो वर्षभर पुरतो. रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका, त्यावर फोन नंबर आणि पत्ता असतो. कुणाला शंका असेल तर घरी बोलावून कागद दाखवा.

मग नेमके किती कमी पडताहेत ते काढा. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर खर्चाचं अंदाजपत्रक घ्या. त्यावर पेशंटचा नोंदणी क्रमांक, डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. त्यातून विमा वजा करा, सरकारी योजना वजा करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र यादीतले उपचार आणि योजनेतलं हॉस्पिटल हवं. पुण्यातली रुबी हॉल, जहांगीर, केईएम, दीनानाथ मंगेशकर ही धर्मादाय रुग्णालयं आहेत. अशा रुग्णालयांना उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो मिळेपर्यंत दिवस जातात, म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज टाका. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही उपचार चालू असताना करायचा, बिल भरून घरी आल्यावर नाही. ही सगळी वाट हॉस्पिटलातल्या वैद्यकीय समाजसेवकाला माहीत असते. त्यांची खोली बहुधा तळमजल्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असते आणि पेशंटच्या घरच्यांना ती आठवडाभर सापडत नाही. तुमच्यातल्या एकाने तिथे जाऊन बसावं. मिसळीपेक्षा ही फेरी जास्त पैसे वाचवते.

आता खातं. पेशंटच्या एकट्याच्या नावावरचं खातं नको. कटू आहे, पण पेशंट दगावला तर ते खातं तिथेच थांबतं आणि हॉस्पिटलचं बिल मात्र त्याच दिवशी मागितलं जातं. नवरा-बायकोचं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल असं, वेगळं खातं उघडा, त्यात घरखर्चाचा एक रुपया फिरवू नका. सोसायटीच्या खात्यात तर घेऊच नका. लेखापरीक्षकाला ती सोसायटीची जमा दिसते आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणीतरी त्यावरून उभं राहतंच.

कराचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली, तर ती सगळीच घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. यात चुलत, मावस भावंडंसुद्धा ‘नातेवाईक’ नाहीत. आजारपणाला सरसकट सूट नाही, ती कोविडपुरती दिली होती. त्यामुळे मोठी रक्कम देणाऱ्याला थेट हॉस्पिटलच्या बँक खात्यात, पेशंटचा नोंदणी क्रमांक लिहून भरायला सांगा आणि पावतीची प्रत घ्या. घरच्या खात्यात बाहेरून आणायची औषधं, बाहेरचे स्कॅन, रिक्षा, मुंबईला टाटात जायचं असेल तर राहण्याचा खर्च एवढ्यापुरतं राहू द्या. नोंदणीकृत विश्वस्त संस्था मध्ये असेल तर ती पैसे घेऊन हॉस्पिटलला देऊ शकते, आणि देणाऱ्याला करसवलतीची, म्हणजे ८०जीची, पावतीही मिळते. ८०जीचा उपयोग फक्त जुन्या करप्रणालीत, आणि व्यक्तीला दिलेल्या पैशावर तो कधीच नाही. हा प्रश्न शंभर जण विचारतील, उत्तर पोस्टरवरच छापा. अमेरिकेतल्या मित्राचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर सोपं आहे. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर विदेशी निधीचा कायदा आडवा येऊ शकतो, सीएला विचारल्याशिवाय ते पैसे खात्यात घेऊ नका. रोखीचं म्हणाल, तर एका उपचारासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख हॉस्पिटल घेऊ शकत नाही. पाकिटांतली रोकड बँकेतूनच जाऊ द्या. मोठा रोख भरणा असेल तर पॅन लागतो.

सोसायटीपुरतं, ओळखीपाळखीत चाललंय तोवर ठीक. पावतीपुस्तक छापून दुकानोदुकानी वर्गणी मागायची असेल तर गणेश मंडळं घेतात तीच कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून घ्या. पुण्यात ते ढोले पाटील रस्त्यावर आहे.

दिवस रविवारचा, वेळ साडेआठ ते अकरा. गणपतीचे दहा दिवस, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि मे महिना सोडा. पालख्या शहरात असतील तो दिवसही सोडा. पितृपक्षात मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि भाड्याचं बोलणं सोपं जातं, हे लक्षात असू द्या. पण आधी घरच्यांना विचारा, काहींना ते चालत नाही. एकादशी किंवा संकष्टी आली तर मिसळीशेजारी साबुदाण्याची खिचडी लागते, नाहीतर साठीच्या पुढची मंडळी नुसता चहा पिऊन जातात.

दोनशे कूपनं विकली की साधारण एकशे सत्तर माणसं येतात, बाकीच्यांनी ती देणगी म्हणून घेतलेली असतात. तरी प्रमाण दोनशेचंच ठेवा, कारण बरेचजण दुसऱ्यांदा रस्सा घेतात आणि काहीजण कूपन न घेता येऊन तिथे पैसे देतात. कोरडी मटकी आठ किलो. कट पन्नास ते पंचावन्न लिटर. वाटणाला सहा किलो कांदा, अडीच किलो सुकं खोबरं, एक किलो लसूण, अर्धा किलो आलं. कांदा-लसूण मसाला सव्वा किलो, तेल पाच लिटर. वरून घालायला पाच किलो कांदा, फरसाण दहा किलो, साठ लिंबं, आठ-दहा जुड्या कोथिंबीर. पाव माणशी तीन, म्हणजे सहाशे. ताकाला दहा किलो दही, चहाला नऊ-दहा लिटर दूध. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर एक, आणि एक भरलेला बाजूला. घरचा लाल सिलिंडर लावू नका.

बिघडतं ते मटकीपाशी. भिजवलेली सगळी मटकी एकाच मोठ्या कापडात बांधली की गाठोडं आतून तापतं, सकाळी मधली मटकी चिकट आणि आंबूस लागते. तीन-तीन किलोची वेगवेगळी पुरचुंडी करा आणि मध्ये एकदा सोडून हलवा. थंडीत शुक्रवारी सकाळी भिजत घालून संध्याकाळी बांधा. मेमध्ये करायचीच असेल तर शुक्रवारी रात्री भिजवा, शनिवारी सकाळी बांधा, रात्री मोड दिसले की फ्रिजमध्ये ढकला. दुसरी अडचण कटाची. वाटण तळाशी बसतं आणि मोठ्या पातेल्यात करपतं. वास आला की उलथन्याने खरवडायचं नाही, वरचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचा. तर्री वेगळी काढून ठेवा. तिखटाचा वाद मिटतो आणि लहान मुलंही खातात. वरचा कांदा रविवारी सकाळीच चिरा. फरसाणाची पाकिटं काउंटरवर फोडा.

रांगेकडे आयोजकांचं लक्ष नसतं. एका प्लेटला अर्धा मिनिट धरलं तरी दोनशे प्लेटींना शंभर मिनिटं लागतात, आणि पुणेकर रविवारी सगळे साडेनऊलाच येतात. वाढायची दोन टेबलं लावा. कूपनांना तीन रंग द्या: साडेआठ, सव्वानऊ, दहा. कूपनं क्रमांकाची, पंचवीसच्या पुस्तकात, स्थळप्रतीसह. पुस्तक ज्याला दिलं त्याची सही घ्या आणि शुक्रवारी रात्री न विकलेली परत मागा, म्हणजे किराण्याचा आकडा पक्का होतो.

क्यूआर कोड दारात लावला जातो, तिथे कुणी थांबत नाही. तो चहापाशी लावा. चहा हातात घेऊन माणूस पाच मिनिटं उभा असतो. स्कॅन केल्यावर खातेदाराचं जे नाव दिसतं तेच कोडखाली मोठ्या अक्षरात लिहा, वेगळं नाव दिसलं की लोक फोन खिशात ठेवतात. कुणी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर हसून ‘झालं’ म्हणायचं नाही. व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकातले शेवटचे चार आकडे स्थळप्रतीवर लिहायचे आणि संध्याकाळी बँकेच्या नोंदीशी जुळवायचे. पोस्टर फॉरवर्ड होत होत कुणीतरी त्यावरचा क्यूआर बदलतो, असेही प्रकार होतात. म्हणून खात्री करायला एक फोन नंबर द्या आणि तो उचला.

लकी ड्रॉ नको. पैसे घेऊन सोडत काढली की ते लॉटरीच्या कायद्यात शिरतं, हाऊजीचंही तेच. लिलाव चालतो. घरची चकली, कुणीतरी काढलेलं चित्र, सोसायटीतल्या आजींच्या हातच्या पंचवीस पुरणपोळ्या. गणेश मंडळातल्या फळांच्या लिलावावर वाढलेल्या मंडळींना बोली शिकवावी लागत नाही. कराओके मात्र टाळा. पुण्यात हल्ली प्रत्येक इमारतीत तीन गायक आहेत आणि तिघांनाही दोन-दोन गाणी हवी असतात. भाषण एकच, दहा मिनिटांचं, आणि घरच्यांना पुढे उभं करू नका. केमो चालू असलेल्या पेशंटला गर्दीत आणू नका. प्रतिकारशक्ती उतरलेली असते, एखाद्याच्या सर्दीनेही पुढचं सायकल लांबतं.

चहाच्याच टेबलावर रक्तगटाची वही ठेवा. पैशाइतकीच रक्ताची आणि प्लेटलेटची गरज पडते. पण त्याच दिवशी रक्तदान शिबिर घेऊन सगळ्यांना मोकळं करू नका. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस, बाईला १२० दिवस थांबावं लागतं, आणि प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. नावं लिहून घ्या, लागतील तशी बोलवा.

पाकिटं तिथेच, निघायच्या आधी मोजायची. मोजणारे दोघे, त्यातला एक आयोजकांबाहेरचा. कितीच्या किती नोटा हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या. आहेराच्या पाकिटांसारखी रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं येतात, ती घाईत फेकली जातात. पाकीट फाडून बघा, आत नोट चिकटून राहिलेली असते. आठ दिवसांत हिशेब ग्रुपवर टाका: एकूण जमा, हॉस्पिटलला भरले ते पावतीसह, शिल्लक. कुणी किती दिले ते टाकू नका. पैसे उरले, किंवा पेशंटच राहिला नाही, तर शिल्लक कुणाला जाईल हे पहिल्याच आवाहनात लिहिलेलं असलं पाहिजे. नंतर ठरवायला बसलात तर भांडण होतं आणि त्यात घरचे भरडले जातात.

महिना उलटला की ग्रुप शांत होतो, आणि किडनी प्रत्यारोपणासारख्या आजारात औषधं तर कायमची असतात. त्यासाठी कार्यक्रमाच्या दिवशीच चाळीस जणांकडून महिना पाचशेचा शब्द घ्या. पगार झाल्यावर सात तारखेला आपोआप जातील असं बँकेला सांगून ठेवायला लावा. महिन्याचे वीस हजार झाले. मुदत सहा महिन्यांची ठेवा आणि नंतर पुन्हा विचारा. मुदत नसेल तर लोक भिडेखातर हो म्हणतात आणि तिसऱ्या महिन्यात गुपचूप बंद करतात.