वीस यूजरचं कोटेशन आणि तासाला तुटणारं टॅली

‘व्हीपीएन तुटतंय’ ही तक्रार प्रत्येकाकडून बरोबर एका तासाने येत असेल, तर व्हीपीएनला, म्हणजे शाखा आणि मुख्य ऑफिस जोडणाऱ्या इंटरनेटवरच्या खासगी बोगद्याला, हात लावू नका. आधीच सांगून ठेवतो, कारण डीलर पहिल्यांदा राउटरच बदलायला लावतो.

काम बियाणे-खतांच्या वितरकाचं. मुख्य ऑफिस जळगावला, शाखा चोपडा, रावेर, अमळनेर, शिरपूर, शहादा. टॅली जळगावच्या विंडोज सर्व्हरवर, आणि शाखांनी व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉपने (सर्व्हरचा स्क्रीन आपल्या काँप्युटरवरून चालवणं) येऊन बिलं फाडायची. आधी व्हीपीएनसाठी ओपनव्हीपीएन ॲक्सेस सर्व्हर होता. त्यात एकावेळची दोन कनेक्शनं फुकट मिळतात, तिसऱ्यापासून पैसे. एकाच माणसाचा लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही जोडलेले असतील तर तीही दोन मोजली जातात.

जोडण्या वाढवताना वायरगार्ड हे फुकटचं व्हीपीएन घेतलं. ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 2020 च्या 5.6 पासून आतच आहे, परवाना जीपीएल आवृत्ती 2, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा. ‘बिल नाही, मग चोरीचं तर नाही ना?’ हा शेठचा प्रश्न ठरलेला. जीपीएल वापरावर मर्यादा घालत नाही. पाच शाखा जोडा नाहीतर पन्नास. तो प्रोग्रॅम पुढे दुसऱ्या कुणाला दिलात तर सोबत सोर्स कोडही द्यावा लागतो, एवढंच बंधन. सीएंसाठी परवान्याची प्रिंट फाइलला लावली, विषय संपला.

बाकी जोडणीत वेळ खाल्ला तो फक्त आयपीने. सगळ्या शाखांचे राउटर 192.168.1.0 वरच होते, त्यामुळे डेटाचं पाकीट कुठल्या शाखेला पाठवायचं ते सर्व्हरला कळणारच नाही. चोपड्याला 192.168.11.0, रावेरला 192.168.12.0 असं वेगळं करून तेच वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज’ या पत्त्यांच्या यादीत टाकलं. स्थिर पब्लिक आयपी फक्त जळगावला लागतो. राउटरवर दिसणारा पत्ता 100.64 ते 100.127 मधला असेल तर तो पब्लिक नाही, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. शाखांकडे ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ 25 ठेवा, म्हणजे दर 25 सेकंदांनी एक पाकीट जाऊन वाट उघडी राहते.

आता ज्याने डोकं खाल्लं ते. कोटेशनवर एकच ओळ होती: ‘रिमोट लायसन्स, 20 यूजर.’ पण इथे तीन परवाने तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. व्हीपीएन विकतचं असेल तर ते बहुधा एकावेळची कनेक्शनं मोजतं. टॅलीचं सिल्व्हर एका यूजरचं, गोल्ड एका लॅनमधल्या (एकाच जागेच्या नेटवर्कमधल्या) अनेकांचं. आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची कॅल (क्लायंट ॲक्सेस लायसन्स, सर्व्हर वापरण्याचा परवाना) एकतर माणूस मोजते नाहीतर मशीन: ‘पर यूजर’ किंवा ‘पर डिव्हाइस’. शिवाय विंडोज सर्व्हरची साधी कॅल वेगळी लागते, ती याच्यात धरलेली नसते.

सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपचा रोल (ती सेवा) टाकला की 120 दिवस विनापरवाना सगळं सुरळीत चालतं, म्हणून घोळ लगेच दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बसवलं की मुदत संपते ती पूर्वहंगामी कापसाच्या तोंडावर, काउंटरवर रांग असताना. डीलरने पर यूजर कॅल टाकून दिल्या. मात्र सर्व्हर डोमेनमध्ये (सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नव्हता, वर्कग्रुपमध्ये (प्रत्येक मशीनची खाती वेगळी) होता, आणि वर्कग्रुपमध्ये पर यूजर कॅल चालतच नाही. सर्व्हर 2019 आणि 2022 वर अशा वेळी लॉगिन होतं, परवान्यात अडचण असल्याचा संदेश येतो आणि 60 मिनिटांनी सेशन कापलं जातं. तो संदेश सगळे ओके दाबून घालवतात. मग शहाद्याहून फोन: ‘भाऊ, परत बंद पडी गयं!’

डीलरचं उत्तर दर वेळी तेच: नेट बघा, राउटर बघा, व्हीपीएनचं लायसन्स घ्या. जीपीएलच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स!

दोष कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं. व्हीपीएन पडलं तर अख्खी शाखा एकदम पडते. इथे जो नऊ वाजता बसला तो दहाला पडतो, जो साडेनऊला बसला तो साडेदहाला. त्याच क्षणी वायरगार्डच्या सर्व्हरवर ‘डब्ल्यूजी शो’ ही कमांड चालवा. शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांना ओळखणं) दोनेक मिनिटांतला असेल तर बोगदा शाबूत आहे. मग विंडोजवर परवान्यातला दोष दाखवणारं ‘आरडी लायसन्सिंग डायग्नोझर’ उघडा. त्याचा स्क्रीनशॉट पाठवल्यावरच डीलर गप्प झाला, त्याआधी नाही.

उपाय दोन. एक, डोमेन उभं करा आणि पर यूजर ठेवा. दुसरा, पर डिव्हाइस कॅल घ्या. इथे दुसरा बरा, कारण हंगामात काउंटरवरची पोरं बदलतात, काँप्युटर तेच राहतात. डीलरकडून कॅल बदलून घेतल्या (बराच तगादा लावून), पण नुसत्या टाकून भागत नाही. ‘जीपीएडिट’ या विंडोजच्या सेटिंगच्या साधनात रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या लायसन्सिंगखाली लायसन्स सर्व्हरचं नाव आणि मोड, दोन्ही भरावे लागतात, मग रीस्टार्ट. मोड पर यूजरवरच राहिला तर पुन्हा तोच तास.

कॅलची आवृत्तीही कोटेशनवर लिहून घ्या. 2019 ची कॅल 2022 च्या सर्व्हरला चालत नाही, उलट चालते.

राहिलेलं एक, आणि ते आपल्याकडच्या लोडशेडिंगमुळे महत्त्वाचं. स्वस्त राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की तारीख मागे जाते, आणि जुन्या वेळेचा हँडशेक वायरगार्ड मुकाट्याने टाकून देतो, एररही देत नाही. एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ लावून घेणारी सोय, बोगद्यातून जात असेल तर वेळ कधीच दुरुस्त होणार नाही. ते थेट इंटरनेटवर सोडा.

फायबर पीपीपीओईवर (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं कनेक्शन) असेल तर वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, 1420 ऐवजी 1412 ठेवा. नाहीतर लॉगिन होतं आणि मोठं बिल उघडताना स्क्रीन गोठते. रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट मात्र ‘तात्पुरता’ म्हणूनही इंटरनेटवर उघडू नका, डीलरने कितीही सांगितलं तरी.

एखादं मशीन भंगारात गेलं तर त्याची पर डिव्हाइस कॅल लायसन्सिंग मॅनेजरमधून काढून घेता येते, पण एकावेळी एकूण कॅलच्या 20 टक्क्यांपर्यंतच. वीस असतील तर चार. म्हणजे सगळ्या शाखांचे काँप्युटर एकदम बदलायचे असतील, तर ते टप्प्याने बदला आणि हंगाम सोडून.