कडक फरशीला मऊ बाँड

काँक्रीटच्या फरशीवरचं इपॉक्सी, म्हणजे राळेचा लेप, काढायचं काम आलं की घासायची मशीन उतरवण्याआधी मी कोपऱ्यात उकिडवा बसतो आणि पटाशीने थर उचकटून बघतो. पापुद्रा कडकन उडाला तर बरं. च्युइंगमसारखा ताणला गेला, तर दिवस लांबणार. ही सवय एका फजितीने लावली.

गोदामाची फरशी होती, वर दोन-तीन मिलिमीटरचा जुना लेप. मी नवशिका. हिरा काय, काहीही कापेल, या भरवशावर ३० नंबरचे, म्हणजे जाड दाण्याचे, मेटल सेगमेंट मशीनला चढवले. धातूत हिऱ्याचे कण बसवलेले घासायचे तुकडे ते. पाच मिनिटांत मशीन नुसतीच घसरायला लागली. उलटवून पाहिलं, तर सेगमेंटवर काळपट चिकट लगदा. घासताना लेप तापून मऊ झाला आणि हिऱ्याचे कण त्यातच बुडून गेले.

जाड लेपाला पीसीडी लागतं. हिऱ्याची पूड प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत एकजीव करून त्याचा तुकडा बनवतात. तो घासत नाही, खरवडतो, पटाशीसारखा. बहुतेकांची धार एकाच बाजूला असते, त्यामुळे मशीनचं डोकं कुठल्या दिशेने फिरतं ते आधी बघायचं. (मी एकदा उलटे बसवलेत. सांगण्यासारखं नाही.) आणि उघड्या काँक्रीटवर ते रेंगाळू द्यायचं नाही, खोल चरे पडतात.

ते चरे काढायला मेटल सेगमेंट. इथे नव्या पोरांना पटतच नाही की कडक फरशीला मऊ बाँड लावायचा आणि मऊ फरशीला कडक. बाँड म्हणजे हिऱ्याचे कण धरून ठेवणारा धातू. तो झिजला तरच खालचा ताजा हिरा वर येतो. मऊ फरशीची भुकटी खरखरीत, ती बाँड भराभर खाते, म्हणून तिथे कडक. कडक फरशीची धूळ पिठासारखी, तिने बाँड झिजतच नाही. वरचे हिरे बोथट होतात आणि सेगमेंट आरशासारखा चमकायला लागतो. त्या गोदामात मालकाने तो बघून 'अजून नवाकोरा दिसतोय' म्हणून कौतुक केलं होतं! मग फरशीवर जाड वाळू टाकून त्यावर मशीन फिरवली, तेव्हा कुठे सेगमेंट बोटाला खरखरीत लागला.

धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसते. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम आणि नीट बसणारा मास्क, दोन्ही हवेत. जुन्या टाइल्सखाली काळा गोंद निघाला तर मी मशीन चालूच करत नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी नमुना तपासणीला.

शेवटी पाणी शिंपडतो. काँक्रीट पाणी पितं. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर तिथे लेप शिल्लक आहे, खडूने गोल करायचा. त्या गोदामात सतरा गोल निघाले, सगळे भिंतीकडेला, जिथे मोठी मशीन पोचत नाही. हातातलं ग्राइंडर घेऊन पुन्हा उकिडवा बसलो.