नागपूर ते गोरखा: मदतीची घरं तपासायला जाणाऱ्यांसाठी

सर्वात आधी एक शब्द. नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात 'हप्ता' म्हणू नका. नेपाळीत हप्ता म्हणजे आठवडा. "दुसरा हप्ता कधी मिळाला?" असं विचारलं की समोरचा माणूस गोंधळतो आणि उत्तर तर चुकीचं नोंदलं जातंच. तिकडचा शब्द 'किस्ता'. लाभार्थी म्हणजे लाभग्राही, तक्रार म्हणजे गुनासो आणि जमिनीचा कागद म्हणजे लालपुर्जा. एवढे चार शब्द पाठ असले तरी निम्मं काम सोपं होतं.

आता पैशाचा हिशेब. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जूनमध्ये काठमांडूला झालेल्या परिषदेत भारताने १ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. त्यातलं पाव अनुदान, बाकी सवलतीचं कर्ज. गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांतली ५०,००० घरं या मदतीत होती : गोरख्यात २६,९१२ आणि नुवाकोटमध्ये २३,०८८. घर मालकानेच बांधायचं. घरामागे ३ लाख नेपाळी रुपये तीन किस्त्यांत द्यायचे : करार झाल्यावर ५०,०००, पाया आणि जोत्यापर्यंतचं काम पास झालं की दीड लाख आणि भिंती छताच्या पट्ट्यापर्यंत (भिंतींना सभोवार बांधणारा आडवा पट्टा) पोचल्या की १ लाख. मालकाला तांत्रिक मदत द्यायचं काम गोरख्यात यूएनडीपीकडे, तर नुवाकोटमध्ये यूएनओपीएसकडे होतं (दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या संस्था). भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, म्हणजे आपल्या हिशेबाने एक घर १,८७,५०० रुपयांचं. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यावर 'नेरु' (नेपाळी रुपये) किंवा 'भारु' (भारतीय रुपये) लिहा. नुसतं 'रुपये' लिहिलेला तक्ता नागपूरला परतल्यावर कुणालाच लावता येत नाही. नेपाळी अहवालांत 'अर्ब' येतो, तो १०० कोटींचा.

प्रवास साधा आहे. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेसने गोरखपूर (रोज नसते, वार पाहून आरक्षण करा), तिथून सुमारे १०० किमीवर सोनौली. पलीकडे बेलहिया-भैरहवा, मग बुटवल, नारायणगड, मुग्लिन, आंबुखैरेनी आणि शेवटचे २४ किमी चढण गोरखा बाजारापर्यंत. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. नारायणगड-मुग्लिन हा ३६ किमीचा पट्टा पावसाळ्यात दरडींनी अडतो, म्हणून दसैं-तिहार (तिकडचे दसरा-दिवाळी) उरकल्यावर ते फाल्गुनपर्यंत जा. सरकारी कचेऱ्या शनिवारी बंद. रीबार लोकेटर (भिंतीतल्या सळ्या शोधणारं यंत्र) नेणार असाल तर अनुक्रमांकासकट यादी भन्सारवर, म्हणजे कस्टम्सला, दाखवून शिक्का घ्या, नाहीतर परतताना वाद होतो. संत्राबर्फी गाडीतच संपवा. तपासणीला गेलेल्याने वॉर्ड कचेरीत खाऊचा डबा उघडू नये. शिवाय त्या टेकड्यांवर त्यांचा स्वतःचा सुन्तला, म्हणजे संत्रं, पिकतोच.

खरी अडचण तारखांची. सगळे कागद विक्रम संवतात असतात. तो आपल्या पंचांगातला चांद्र संवत नव्हे, सौर आहे आणि त्याचे महिने ३२ दिवसांचेही असतात. २०७५-०३-१२ ही तारीख एक्सेल निमूटपणे इसवी सन २०७५ ची समजतं, ३२ तारखेला मात्र मजकूर म्हणून बाजूला टाकतं. मग किस्ता आणि पाहणी यांतले दिवस मोजायला गेलात की काही ओळी गळतात. तारखेचे तीन वेगळे रकाने करा (साल, महिना आणि गते, म्हणजे दिवसाचा आकडा) आणि इसवी तारीख चौथ्यात काढा. भूकंपाचा दिवस १२ वैशाख २०७२. रूपांतर बरोबर आहे का ते याच तारखेवर पडताळा.

हे इतकं का, तर आर्थिक वर्ष असारअखेर, म्हणजे जुलैच्या मध्याला, संपतं. आपल्याकडे मार्चअखेरीला जे होतं, तेच तिकडे असारात. लोक त्याला 'असारे विकास' म्हणतात. त्याच महिन्यात भातलावणी, त्याच महिन्यात पाऊस. दगड-मातीची भिंत भर पावसात चढत नाही. असारच्या शेवटच्या आठवड्यात एकाच वॉर्डात तिसऱ्या किस्त्याचा ढीग दिसला तर ती घरं नमुन्यात मुद्दाम घ्या.

पत्त्यांचंही तसंच. लाभग्राहींच्या पहिल्या याद्या जुन्या गाविसच्या (गाउँ विकास समितीच्या) नावाने झाल्या. २०१७ मध्ये गाविस जाऊन गाउँपालिका-नगरपालिका आल्या आणि वॉर्डांचे क्रमांक बदलले. जुना-नवा वॉर्ड असा जोडतक्ता जिल्ह्यावरच मिळवा. नमुन्याची घरं नागपुरातच यादृच्छिक आकड्यांनी काढा, वाटाड्याला निवडू देऊ नका. तो रस्त्यालगतचीच दाखवेल, आणि त्याची चूकही नाही, गुडघे त्याचेही आहेत. दिवसाला पाच-सहा घरं धरा. कुलूप असेल तर यादीतलं पुढचं घर घ्या आणि तशी नोंद करा. घरमालक कतार-मलेशियात असणं नेहमीचं, अशा वेळी पैसे कोणी उचलले ते वारेसनाम्यावरून (मुखत्यारपत्रावरून) पाहा.

घरापाशी पोचल्यावर दर्शनी बाजूला वेळ घालवू नका. ती लाल मातीने सारवलेली असते, आत काय आहे ते कळत नाही. डोंगर आणि मागची भिंत यांच्यामधल्या बोळात शिरा. तिथे बहुधा गिलावा नसतो. सव्वा मीटर लांब, सव्वा मीटर उंच तुकड्यात आरपार गेलेले दोन तरी दगड दिसले पाहिजेत. नियम प्रत्येक ६० सेंमी उंचीला आणि आडवे १.२ मीटरच्या आत एक असा आहे. ते नसतील तर भिंतीचे दोन पापुद्रे वेगळे होतात आणि हादऱ्यात बाहेरचा आधी पोट काढून कोसळतो. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून ६० सेंमी दूर हव्यात. छपराखालचा त्रिकोणी भाग दगडाचा नको, पत्र्याचा किंवा फळ्यांचा हवा.

पट्ट्यावर लोकेटर फिरवला आणि आवाज आला नाही, तर लगेच 'पट्टा नाही' लिहू नका. माती-बांधकामात लाकडी पट्टाही मान्य आहे. खिडकीच्या कडेला तो दिसतो का, ते पाहा. उलट, भिंतीवर तारेची जाळी असेल तर लोकेटर सगळीकडेच वाजतो.

मग चूल पाहा. नव्या घराच्या वाशांना काजळी आहे का? छपराखाली मक्याची कणसं टांगली आहेत? की आत शेळ्या, आणि धूर शेजारच्या तडे गेलेल्या जुन्या घरातून येतोय? एका खोलीची अशी अनुदानापुरती घरं डोंगरात पुष्कळ आहेत. त्यावर 'गैरवापर' हा शेरा मारणं आमच्या मते अन्याय आहे. वाळू-सिमेंट पाठीवरच्या डोकोत (टोपलीत) वर न्यावं लागतं, तिथे ३ लाखांत एवढंच बसतं. 'पूर्ण, पण राहतं नाही' असा वेगळा रकाना ठेवा.

फायलीतले फोटो शेजारी-शेजारी लावून पाहा. दोन नावांच्या पायाच्या फोटोंत तोच उलटा पडलेला डोको दिसला, तर पाया एकच आहे. पायातलं आता उकरून पाहता येत नाही, म्हणून तिथे हा फोटोच पुरावा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जाजरकोटला भूकंप झाला, त्याच्या पुनर्बांधणीसाठी भारताने जानेवारी २०२४ मध्ये १० अर्ब नेपाळी रुपये जाहीर केले. तिकडे जायचं तर लखनौ, रुपईडिहा, नेपाळगंज, कोहलपूर असा मार्ग आहे. तिथे तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ५०,००० दोन किस्त्यांत दिले गेले. पक्क्या घरांच्या पाहणीची तारीख ठरवताना जोत्याचा पट्टा ओतण्याच्या आदल्या आठवड्यात पोचा, तेव्हा सळ्या उघड्या असतात.