आमची वाटचाल: मूळ पत्राला हात न लावता

कोल्हापुरात दोन खोल्यांत आमचे काम सुरू झाले ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरने; ईमेल साठवण्याकडे आम्ही वळलो ते शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीमुळे. ग्राहकाने ड्रॉइंगची कोणती आवृत्ती कधी पाठवली, यावर तिथे ओतलेला माल पास की रिजेक्ट हे ठरत असे, आणि ती ईमेल-पत्रे सात जणांच्या सात संगणकांवर विखुरलेली होती. "साहेब, दिवाळीच्या आधीचं ते ड्रॉइंग काय सापडंना झालंय बघा," या एका फोनवरून आमचा पुढचा धंदा उभा राहिला.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आम्हाला येत होता. म्हणून पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पत्राची फोड करून पत्ते, मजकूर आणि जोडपत्रे (अटॅचमेंट) वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवली आणि मूळ पत्र टाकून दिले. ईमेलमध्ये जोडपत्रे बेस-६४ या पद्धतीने साध्या अक्षरांत लिहून जातात आणि त्यात 3 बाइटचे 4 होतात. जोडपत्र उलगडून ठेवले की पाव हिस्सा जागा वाचते, याचे आम्हाला केवढे कौतुक! पुढे एका वादात डिजिटल सही असलेले पत्र परत काढावे लागले. तुकडे जोडून तयार केलेले पत्र वाचायला अक्षरन्‌अक्षर तेच होते, पण सही पडताळणीत उतरेना, कारण शीर्षओळींतील (हेडर) मोकळ्या जागा आणि बेस-६४ च्या ओळींची लांबी आमच्या प्रोग्रामने स्वतःच्या सोयीने बदलली होती. नशिबाने एका जुन्या संगणकावर मूळ प्रत शिल्लक होती.

तेव्हापासून पत्र जसे आले तसे, एकाही बाइटला हात न लावता, बाइटीए (जसेच्या तसे बाइट ठेवणाऱ्या) प्रकारच्या एका स्तंभात राहते. बाकीचे तक्ते केवळ शोधण्यापुरते असून ते केव्हाही पुसून मूळ पत्रांवरून नव्याने भरता येतात. जागा जास्त लागते, ती लागू दे.

दुसरी चूक मेसेज-आयडीची, म्हणजे ईमेलच्या शीर्षओळींत असणाऱ्या ओळखखुणेची. तो एकमेव असतो असे धरून आम्ही त्यावर युनिक बंधन (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) घातले, आणि मालक व हिशेबनीस दोघांना आलेल्या एकाच पत्राची दुसरी प्रत आत शिरेना. आता पत्र एकदाच साठते आणि ते कोणाच्या पेटीत आहे याची नोंद वेगळ्या तक्त्यात होते. तारखाही दोन ठेवतो: पाठवणाऱ्याने लिहिलेली आणि आमच्या सर्व्हरवर पत्र पोचल्याची, कारण घड्याळाची बॅटरी संपलेल्या संगणकावरून निघालेले पत्र यादीत थेट तळाला जाऊन बसते.

शोधात मात्र मराठीने आम्हाला अजून दमवले आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मराठी प्रत्यय सोडवणारा तयार शब्दकोश नाही, त्यामुळे 'पावती' शोधले तर 'पावत्या' निघत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवण्याची सोय आम्ही चालू केली असून, फाउंड्रीतल्या हिशेबनीस बाई आता न विसरता 'पावत' एवढेच टाइप करतात.