कवडसा

परवा सोमवारी, 22 सप्टेंबरला, घट बसले आणि त्याच दिवशी विषुवदिन पण होता. माझा उठता-बसता उपवास. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाल्ल्यावर जी झोप लागली ती पाचलाच उघडली. दिवसभर नुसते ढग होते. चहा टाकायला गेले आणि बघते तर फ्रिजवर लिंबाएवढा गोल कवडसा. बाल्कनीच्या पडद्याला उदबत्तीनं भोक पडलंय, दोन वर्षं म्हणतेय पडदा बदलायचा. भोक वेडंवाकडं आहे पण कवडसा अगदी गोल. भोक कसंही असू दे, कवडसा गोलच पडतो, सूर्याचा फोटो असतो तो, असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे आजोबा.

चहा उकळेपर्यंत मोबाईल बघितला तर फॅमिली ग्रुपवर मावसबहिणीचा मेसेज. आज दिवस आणि रात्र बरोबर बारा-बारा तासांचे, विश्वातली ऊर्जा समतोल झालेली आहे, संध्याकाळी दिवा लावून मनातली इच्छा तीनदा बोला, आणि आज अंडं टोकावर उभं राहतं. घट बसलेल्या घरात अंडं कुठनं आणायचं ते काही लिहिलेलं नव्हतं.

ऊर्जेचं माझं काही म्हणणं नाही, असेल बापडी. पण ते बारा-बारा तास मला सहन होत नाहीत. सांगलीत त्या दिवशी सूर्य उगवला साधारण 6 वाजून 21 मिनिटांनी आणि मावळला 6 वाजून 28 ला, म्हणजे दिवस झाला बारा तास सात मिनिटांचा, आणि रात्र तेवढीच कमी. खरे समान दिवस-रात्र आपल्याकडं आठवडाभरानं, महिनाअखेरीला येतात. ग्रुपवर मी हे लिहीत नाही. मागं एकदा लिहिलं होतं तर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि एका मामानं लिहिलं, अण्णांची नात शोभतेस. ते कौतुक नव्हतं.

अण्णा हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. घरी आले तरी अंगाला हळदीचा वास, धोतराची कड कायम पिवळट. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, किती पोती उतरली, कुणाची किती निघाली, सगळं तोंडपाठ. पण त्यांचा खरा जीव होता आमच्या गावभागातल्या वाड्याच्या माजघरात, आणि तिथंही नेमका कौलातल्या एका भोकात. एक कौल कधीतरी टवका उडून फुटलं होतं, त्यातनं दुपारी कवडसा पडायचा. दर वर्षी मे महिन्यात शाकारणीला माणसं यायची तेव्हा अण्णा पेढीवरनं रजा घेऊन खाली अंगणात उभे, हात वर करून, ते नको, ते एक राहू दे. शाकारणारा म्हातारा म्हणायचा, अहो गळतंय की. अण्णा म्हणायचे, गळू दे. मग चार महिने त्या भोकाखाली आजीचं पितळी पातेलं, टप टप टप, रात्रभर. आजी म्हणायची, लोकांच्या घरात पाऊस बाहेर पडतो.

माजघराच्या दक्षिणेकडच्या खांबापासून देवघरापर्यंत अण्णांनी एक पांढरी दोरी ताणलेली असायची, बरोबर दक्षिणोत्तर. कवडसा सरकत सरकत दोरीवर आला की मध्यान्ह. आपल्याकडं घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह नसतो, सप्टेंबरच्या या दिवसात तो 12 वाजून 24 मिनिटांना असतो, हे मला तिसरीत माहीत होतं आणि शाळेत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. तर कवडसा दोरीवर आला की अण्णा खडूनं एक रेघ मारणार आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख. सूर्य दक्षिणेला चालला की कवडसा उत्तरेला, देवघराकडं. डिसेंबरात तो जवळजवळ चौरंगापाशी पोचायचा आणि तिथं आठ-आठ दिवस हलायचाच नाही, रेघेवर रेघ. पण या दिवसात, घट बसायच्या आसपास, रोज इंचभर पळायचा. इंचभर म्हणजे खरंच इंचभर, मी पट्टीनं मोजलंय. दिवसरात्र समान म्हणजे सगळं कसं शांत, स्थिर, तराजूचा काटा मधोमध, असं मेसेजवाल्यांना वाटतं. सूर्य तूळ राशीत येतो ना सायन गणितानं, म्हणजे विषुवदिनापासून राशी मोजल्या की, म्हणून ते तराजूचं चित्र. आणि आमच्या माजघरात वर्षातल्या मोठ्या पळापळीचा हाच आठवडा. अण्णांना तराजू चांगला माहीत होता. काटा मधे आला रे आला की लगेच वजन पुकारायचं, पुढच्या क्षणाला तो तिथं नसतो, असं पेढीवरच्या नव्या पोरांना शिकवायचे ते.

आजीचं आणि त्यांचं भांडण या रेघांवरनं. नवरात्राच्या आधी घर धुवायचं म्हणजे धुवायचंच, पांघरुणं, गोधड्या, डबे, सगळं अंगणात. फरशी पुसताना तुमचा सूर्य पुसला गेला तर मला बोलायचं नाही, असं आजी आधीच सांगून टाकायची, आणि पुसायची. एका वर्षी विषुवदिनाची रेघ नेमकी पुसली गेली. अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठा खिळा आणि हातोडी घेतली आणि शहाबादी फरशीत बोटभर लांबीची रेघ कोरूनच काढली. आता आजी जेवली नाही. नव्या फरशीवर खिळा! पण गंमत अशी की नंतर घट बसवताना आजी पत्रावळ त्या रेघेलाच चिकटून ठेवायची. वावरातली काळी माती, त्यात गहू-जोंधळे, वर कारळ्याच्या फुलांची माळ, आणि दुपारी साडेबाराच्या सुमाराला कवडसा रेघ ओलांडून मातीवर चढायचा, दुसऱ्या दिवशी अजून थोडा, असं करत माळा वाढत जायच्या. आजी काही बोलायची नाही. अण्णाही बोलायचे नाहीत. देवीला ऊन दाखवलं की धान लवकर रुजतं एवढंच तिनं एकदा मला सांगितलं होतं.

ती सात मिनिटं कुठनं येतात हेही अण्णांनीच दाखवलं. रिकाम्या पातेल्यात, तेच ते गळतीचं पातेलं, तळाला चार आण्याचं नाणं ठेवलं आणि मला म्हणाले, मागं सर, सर, अजून, आता दिसतंय? नाही. हलू नकोस. आणि त्यांनी तांब्यानं हळू पाणी ओतायला सुरुवात केली तर नाणं आपोआप काठावर आलं, तरंगत वर आल्यासारखं. नाणं तळालाच होतं. हवा पण तसंच करते म्हणे, किरण वाकवते. संध्याकाळी सूर्याची कड जमिनीला टेकलेली दिसते तेव्हा तो अख्खा आधीच खाली गेलेला असतो, आपण बघत बसतो ते नुसतं नाणं. शिवाय मावळला कधी म्हणायचं तर वरची कड गेल्यावर, म्हणजे अजून एखादं मिनिट. सकाळी तोच प्रकार उलटा. मी विचारलं, मग खरा सूर्य कुठला? अण्णा म्हणाले, पातेलं जागेवर ठेव, पाऊस येईल.

माझी भाची जपानात असते. ती सांगत होती की तिकडं शरदातल्या विषुवदिनाला सुट्टी असते, 1948 पासून, आणि तो दिवस मधे धरून मागचे तीन पुढचे तीन असे सात दिवस लोक घरच्यांच्या थडग्यांवर जातात, दगड धुतात, फुलं ठेवतात. तांदळाचे गोळे करतात आणि त्याला लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण लावतात. पुरण बाहेर आणि भात आत, म्हणजे आपल्या हिशेबानं पोळी उलटी झाली. त्या आठवड्याला हिगान म्हणतात आणि त्याचा अर्थ पैलतीर. सूर्य त्या दिवशी बरोबर पश्चिमेला मावळतो आणि त्यांच्या अमिदा बुद्धाचा पुण्यलोक पश्चिमेलाच. मला हे ऐकून पहिल्यांदा आठवला तो आपला सरकारी घाट. कृष्णेच्या अलीकडं आपण, पलीकडं सांगलीवाडी, आणि सूर्य सांगलीवाडीच्या मागं. सर्वपित्रीला घाटावर पानं मांडून कावळ्यांची वाट बघत बसलेली माणसं डोळ्यासमोर आली. यंदा तर आदल्याच दिवशी सर्वपित्री होती. आपल्याकडं पितृपक्ष चंद्रावर चालतो त्यामुळं असा जवळ येतो नाहीतर लांब राहतो, आणि तूळ संक्रांत पंचांगात येते ऑक्टोबरच्या मध्याला, संपात, म्हणजे सूर्याचा विषुवदिनाचा बिंदू, 72 वर्षांत एक अंश मागं सरकतो म्हणून. यावरनं अण्णांचं आणि गुरुजींचं दर वर्षी वाजायचं, ते सोडा. अण्णांच्या बाजूनं फक्त सरकार होतं. राष्ट्रीय दिनदर्शिकेत सौर आश्विनचा 1 तारखेचा दिवस 23 सप्टेंबरला येतो, आणि रेडिओवर बातम्यांच्या आधी सौर आश्विन ऐकू आलं की अण्णा आजीकडं बघायचे, बघ म्हणून. आजी भाजी निवडत असायची.

मुख्य गोष्ट पलभेची राहिलीच. बारा अंगुळं उंचीची काठी विषुवदिनाला मध्यान्ही सपाट जागेवर उभी करायची आणि तिची सावली मोजायची, ती त्या गावची पलभा. जुन्या ज्योतिषात गावाचा अक्षांश असा काढायचे. सांगलीची पलभा साडेतीनच्या जरा वर, साताऱ्याची पावणेचारच्या जरा वर, कारण सातारा उत्तरेला. अण्णांना हे इतकं आवडायचं की नवीन माणूस भेटला की विचारायचे, तुमच्या गावची पलभा किती? आत्याला बघायला साताऱ्याची मंडळी आली होती, कांदेपोहे चालले होते, मुलाच्या काकांना अण्णांनी हेच विचारलं. काकांना वाटलं हुंड्याबिंड्याचा काही शब्द असेल, ते म्हणाले, आमची काही अपेक्षा नाही. लग्न ठरलं.

मग दर सप्टेंबरात आत्याला पोस्टकार्ड. अमुक तारखेला, इतके वाजून इतक्या मिनिटांनी, गच्चीत काठी उभी कर, काठी ओळंब्यात पाहिजे, सावली कळव. आणि आत्याचं उलट टपाली कार्ड यायचं, मोजली, पावणेचार भरली. अण्णा ते कार्ड चष्मा लावून दोनदा वाचायचे आणि पंचांगात ठेवायचे. वीसेक कार्डं असतील. अण्णा गेल्यावर तेराव्याला सगळे बसले होते, पंचांगातनं ती कार्डं निघाली, तेव्हा आत्या रडता रडता हसायला लागली. म्हणाली, एकदाही मोजली नाही गं. सप्टेंबरात साताऱ्यात ऊन असतंय कुठं? पहिल्याच कार्डात त्यांनीच लिहिलं होतं पावणेचार यायला पाहिजे म्हणून.

2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा वाड्यात माळ्यापर्यंत पाणी होतं. तोवर तिथं कुणी राहत नव्हतं, कौलं जाऊन पत्रा आलेला. पाणी उतरल्यावर आम्ही चुलत भावंडं गाळ काढायला गेलो, गुडघाभर चिखल, फावड्यानं ओढायचा आणि खराट्यानं लोटायचा, वास तर असा की दोन दिवस जेवण गेलं नाही. माजघरात खराटा मारताना फरशीत कशाला तरी अडकल्यासारखं झालं. बोटानं चाचपलं तर रेघ. चिखल गच्च भरलेला तिच्यात. मी हेअरपिन काढून ती उकरत बसले तर भाऊ ओरडला, अगं बाई, पाच खोल्या राहिल्यात अजून.

वाडा पुढच्या वर्षी दिला. आता तिथं खाली पार्किंग आहे.

तर परवा चहा घेतला तोवर फ्रिजवरचा कवडसा भिंतीवर जाऊन फिका झाला, मग ढगच आले. मेसेजला मी पण हात जोडलेले टाकले. दिवा लावला, तो तसाही लावायचाच होता. मग आत्याला फोन केला, ती आता ऐंशीच्या पुढं आहे, कानाला कमी आहे, दोनदा ओरडून विचारलं, आत्या, आज सावली मोजली का?

"कसली मोजतेस, सकाळपासनं भुरभुर चाललीय," ती म्हणाली. मग जरा वेळ काहीच नाही, मला वाटलं फोन कट झाला.

"पावणेचार लिही," म्हणाली. "ठेवते, दूध वर आलंय."