साडेपाच लिटर घातलं, सव्वासहा निघालं

सर गाडीतून उतरले ते हातात फाइल घेऊनच. शनिवार होता, सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. गाडी वळणावर असतानाच मला आवाजावरून कळलं होतं. पाय दाबलाय, पण इंजिन काही वर जायला तयार नाही. डॅशबोर्डवर तीन दिवे पेटलेले.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. पुढे ऑइल-फिल्टरचं काउंटर, मागे दोन रॅम्प. काउंटर माझा भाचा बघतो. सातवी-आठवीचं गणित तो सरांकडेच शिकला, त्यामुळे सर आले की हा अजूनही मोबाइल खिशात घालतो.

"दादा, हे जरा वाचा," सरांनी फाइल उघडून पुढे केली. कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट होतं. डीपीएफ असेंब्ली म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली गाळणी, गॅस्केट, मजुरी, जीएसटी धरून सव्वा लाखाच्या वर. गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली डिझेल, तीन वर्षंही झालेली नाहीत, किलोमीटर ३४ हजार.

"वॉरंटीत आहे की, सर."

"मी तेच म्हटलं. तिथला पोरगा म्हणतो, ऑइल बाहेर बदललंय, वॉरंटी गेली. म्हटलं, कुठलं ऑइल आहे ते बघितलंत का? तर म्हणे गरज नाही. मग लिहून द्या म्हटलं. तर म्हणे लिहून देत नाही."

बाहेर म्हणजे माझ्याकडे. फायलीत पुढचाच कागद माझं बिल होतं, सहा हजार किलोमीटर मागचं. ५डब्ल्यू-३० फुल्ली सिंथेटिक, साडेपाच लिटर, एक ऑइल फिल्टर.

माझं डोकं सणकलं. या विषयावर मी तसाही तयारच असतो. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा गाडी कंपन्यांविरुद्ध मोठा आदेश दिला होता. त्यात स्पष्ट म्हटलंय, की बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर भांडणं झाली, ते वेगळं. पण हे वाक्य आम्हा गॅरेजवाल्यांना पाठ आहे. मी ते सरांना चहा येईपर्यंत दोनदा ऐकवलं.

तेवढ्यात भाचा रॅकवरून एक डबा घेऊन आला आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवला. "मामा, त्यांना हाच दिला होता."

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ५डब्ल्यू-३०, त्याखाली फुल्ली सिंथेटिक, सोनेरी पट्टी. मी डबा फिरवला. मागे बारीक अक्षरांत ऑइलच्या युरोपियन दर्जाची ओळ होती : एसीईए ए३/बी४.

सरांच्या फायलीत गाडीचं मॅन्युअलही होतं. ऑइलच्या पानावर छापलं होतं : ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३.

माझ्या हातात चहाचा ग्लास तसाच राहिला.

गाडी धंद्याबाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते पटकन कळणार नाही. ५डब्ल्यू-३० हा आकडा फक्त ऑइलचा पातळपणा सांगतो, गार इंजिनात किती आणि तापल्यावर किती. सिंथेटिक हा शब्द ऑइल कशापासून केलंय ते सांगतो. हे दोन्ही बरोबर असूनही ऑइल त्या इंजिनाचं नसू शकतं, कारण खरी भानगड त्यातल्या ॲडिटिव्हची आहे. ऑइल जळलं की त्यातल्या धातूंची राख होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी सर्रास बसली. ही राख त्या गाळणीत अडकते आणि कधीच जळत नाही. म्हणून सी३ ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. ए३/बी४ मध्ये ते त्याच्या दुपटीपर्यंत, १.६ टक्क्यांपर्यंत चालतं. जुन्या, गाळणी नसलेल्या गाड्यांना हे ऑइल उत्तम. मी स्वतः माझ्या जुन्या डिझेलला तेच घालतो.

त्यातही डब्यावर 'अमुक कंपनीची मान्यता' असणं वेगळं आणि 'अमुक कंपनीच्या गाड्यांसाठी योग्य' असणं वेगळं. पहिल्यात गाडी कंपनीने ते ऑइल तपासून होकार दिलेला असतो. फोक्सवॅगनचं ५०४ ००/५०७ ०० किंवा मर्सिडीजचं २२९.५१ हे त्यातले आकडे. दुसरं वाक्य ऑइलवाला स्वतःच्या भरवशावर छापतो. वॉरंटीचा प्रश्न आला की या दोन वाक्यांतला फरक लाखाचा होऊ शकतो. पण काउंटरवर गिऱ्हाईक विचारतं काय? "तीस नंबर सिंथेटिक आहे का, आणि केवढ्याला?"

भाच्याचं तोंड उतरलं होतं. त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. बिलावर सही माझी होती, आणि त्या दिवशी काउंटरवर मी असतो तर मीही आकडाच बघितला असता.

आयोगाच्या त्या आदेशातलं दुसरं वाक्य मी सरांना सांगितलं नव्हतं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल, तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. आता ते सांगावं लागलं.

सरांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत. चष्मा वर सरकवून म्हणाले, "म्हणजे ऑइल चुकलं. पण त्यानेच डीपीएफ चोक झाला, हे सिद्ध झालंय का?"

हे वर्कशॉपने विचारायला हवं होतं. मीही.

बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सरांनीच हिशोब मांडला, आकडे मी पुरवले. सहा हजार किलोमीटरमध्ये जास्तीत जास्त अर्धा लिटर ऑइल जळलं धरू. म्हणजे सुमारे ४२५ ग्रॅम. १.६ टक्क्याने राख ६.८ ग्रॅम. सी३ असतं तर ३.४ ग्रॅम. फरक साडेतीन ग्रॅमच्याही आत, चमचाभरसुद्धा नाही. राखेने फिल्टर भरायचा तर लाखाच्या घरात किलोमीटर जावे लागतात.

"मग चोक कशाने झाला?"

मी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. टिश्यू पेपरवर थेंब टाकला. काळा ठिपका मधे राहिला आणि भोवती पातळ, तेलकट कडं पसरत गेलं. नाकाजवळ नेलं तर सरळ डिझेलचा वास.

"सर, गाडी रोज किती चालते?"

"राजारामपुरीतून शाळा. तीन किलोमीटर. येताना तीन."

मग सगळं जुळलं. डीपीएफमध्ये राखेशिवाय काजळीही साठते आणि ती मात्र जळते. गाडी अधूनमधून जादा डिझेल मारून एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्याला इंजिन गरम हवं आणि पंधरा-वीस मिनिटं सलग रस्ता हवा. तीन किलोमीटरवर शाळेचं गेट आलं की सर चावी फिरवणार, काम अर्धवट. त्या जादा डिझेलमधलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. स्कॅनर लावला तर साडेबाराशे किलोमीटरमध्ये एकही रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळायचं काम, पूर्ण झालेलं नव्हतं. सुरू झालं, तुटलं; सुरू झालं, तुटलं.

"तो पिवळा दिवा लागत होता का मधे?"

"लागायचा. दुसऱ्या दिवशी जायचा. मला वाटलं, बरा झाला."

आधी ऑइल काढलं. लेव्हल एवढी वर असताना रिजन करणं म्हणजे इंजिनाशी जुगार. मापाच्या कॅनमध्ये घेतलं, तर साडेपाच घातलेलं सव्वासहा निघालं. भाच्याने नवा डबा आणला, या वेळी मागची ओळ मोठ्याने वाचून दाखवली, सरांनी मॅन्युअलवर बोट ठेवून होय म्हटलं. वर्गच भरल्यासारखा वाटत होता. मग गाडी अंगणात मोकळ्यावर घेतली, एक्झॉस्टजवळच्या चिंध्या-पुठ्ठे लांब केले आणि स्कॅनरवरून रिजन सुरू केलं. काजळी अजून यंत्राने परवानगी देण्याइतपतच होती, हे नशीब. इंजिन आपोआप चढलं, पंखा जोरात फिरायला लागला, तापलेल्या लोखंडाचा वास शेजारच्या लेथवाल्यापर्यंत गेला. तो विचारायला आला, "काय जाळायलाय रं?" अर्ध्या तासाने दाब उतरला, दिवे गेले. रस्त्यावर घेतली तर तिसऱ्या गिअरमध्ये सणसणत सुटली.

ऑइल-फिल्टरचे पैसे मी घेतले नाहीत. सर द्यायलाच बसले होते. शेवटी रिजनचे तेवढे घेतले.

स्कॅनरच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी छापून दिल्या. सरांनी त्या जोडून वर्कशॉपला पत्र लिहिलं. कुठलं ऑइल कधी होतं ते आमच्या चुकीसकट, आणि नकार कोणत्या कारणाने दिला ते लेखी मागितलं. आठवड्याने त्यांना फोन आला, की वॉरंटी चालू आहे, सिस्टीममध्ये तशी काही नोंद नाही. लिहून मात्र तेव्हाही दिलं नाही.

ए३/बी४ चे डबे भाच्याने खालच्या फळीवर हलवलेत आणि आता बिलावर आकड्याबरोबर मागची ओळही टाकतो. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक त्यावरून कुरकुरतं.

सरांना मी सांगितलंय, आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा. ते दर रविवारी सकाळी निपाणीला जाऊन येतात. परवा सरांच्या मिसेस काउंटरवर आल्या होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या ओळखीचे म्हणून विचारते. यांचं निपाणीत नक्की काम काय असतं?"